मूलपेशींचें वाङ्मय : ‘होऊं शकेल’ आणि ‘झालें’

‘वाङ्मय’ या शब्दाची व्याप्ति आमच्याकडे फार संकुचित झाली आहे. काव्य, नाटक, कादंबरी आणि लघुनिबंध यांपलीकडेहि पुष्कळ लिहिलें जातें व घरोघर वाचलें जातें, याकडे टीकाकारांचें लक्ष क्वचितच जातें. वास्तविक पाहतां कुटुंबाच्या आयुष्याला कलाटणी देणारें लिखाण बहुधा कादंबरींत नसतेंच. तें वर्तमानपत्राच्या पुरवणींत असतें, प्रसूतिगृहांतील बांकावर ठेवलेल्या गुळगुळीत पत्रकांत असतें, एखाद्या नातलगानें मोठ्या आशेनें धाडलेल्या चार ओळींत असतें. गेल्या पंचवीस वर्षांत मूलपेशी या विषयावर अशा लिखाणाचा मोठा पूर आला आहे. अंधाला दृष्टि, पंगूला गति, मधुमेह्याला इन्सुलिनपासून सुटका अशीं आश्वासनें त्यांत ओळीओळींवर आढळतात. अशा लिखाणाचें परीक्षण कोणी करूं नये काय? आमच्या मतें तें अवश्य केलें पाहिजे; कारण वाईट कादंबरीनें वाचकाची एक संध्याकाळ फुकट जाते, पण या विषयावरील वाईट वाक्यानें त्याचें घर गहाण पडूं शकतें.

पेशींचें परीक्षण प्रयोगशाळेंत होतें. वाक्यांचें परीक्षण करणें हा आमचा व्यवसाय. त्या व्यवसायाच्या दृष्टीनें पाहतां या सर्व लिखाणाचें मर्म व्याकरणाच्या एका लहानशा प्रश्नांत सांपडतें, असें आम्हांस वाटतें. ‘रोगी बरा झाला’, ‘रोगी बरा व्हावा’ आणि ‘रोगी बरा होऊं शकेल’ हीं तीन वाक्यें शाळेंतील मुलालाहि निराळीं ओळखतां येतात. पहिलें वृत्त आहे, दुसरी इच्छा आहे, तिसरा अंदाज आहे. तिसऱ्या वाक्यापासून पहिल्या वाक्यापर्यंत जाण्यास शास्त्राला कधीं दहा वर्षें लागतात, कधीं पन्नास, आणि कधीं तो रस्ता मध्येंच संपतो. जो लेखक हें अंतर दाखवितो तो प्रामाणिक. जो तें झांकतो तो कितीहि विद्वान् असला तरी वाचकाला फसवितो. या एका कसोटीवर आम्ही हें वाङ्मय पारखून पाहणार आहों.

प्रथम खुद्द नांवाचाच विचार करूं. १८६८ मध्यें अर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें ‘श्टामत्सेले’ हा शब्द वापरला. जर्मन भाषेंत वंशवृक्षाला ‘श्टामबाउम’ म्हणतात. त्यांतील ‘श्टाम’ म्हणजे झाडाचें खोड. सर्व सजीवांचा जो आद्य एकपेशीय पूर्वज, त्याला हेकेलनें हें नांव दिलें. पुढें तोच शब्द फलित बीजांडाला लागला, आणि नंतर रक्त निर्माण करणाऱ्या पेशींना. इंग्रजींत तो ‘स्टेम सेल’ झाला. मराठींत कोणी ‘स्कंधपेशी’ म्हटलें, कोणी ‘मूलपेशी’. त्यांपैकीं दुसरा शब्द अधिक रूढ झाला. खोडाला फांद्या फुटतात हा जो त्या रूपकाचा आशय, त्याला ‘स्कंध’ अधिक जवळचा होता. ‘मूलपेशी’ या शब्दांत मात्र एक अनपेक्षित श्लेष शिरला. मूळ या अर्थाचें ‘मूल’ संस्कृतांतलें, आणि लेकरूं या अर्थाचें ‘मूल’ आमच्या घरांतलें. ज्यांचें लेकरूं आजारी आहे अशा आईबापांच्या कानीं हा शब्द पडतो, तेव्हां तो केवळ शास्त्रीय संज्ञा म्हणून पडत नाहीं. संज्ञा घडविणाऱ्यांच्या मनांत हा श्लेष खचितच नसेल. परंतु जाहिरात करणारांनीं त्याचा फायदा घेतला नाहीं तरच नवल.

मूलपेशीचे गुण दोन. ती दुभंगली म्हणजे तिच्यासारखी मूलपेशी मागें शिल्लक राहूं शकते, हा एक. आणि तिच्यापासून निराळ्या कामाच्या पेशी तयार होऊं शकतात, हा दुसरा. घरांतील विरजणाचें उदाहरण येथें थोडेंबहुत लागूं पडतें. चमचाभर विरजणानें पातेलेंभर दहीं लागतें, आणि त्यांतूनच उद्यांसाठीं पुन्हा चमचाभर विरजण काढून ठेवतां येतें. उदाहरणाची मर्यादा एवढीच कीं विरजणापासून दह्याशिवाय दुसरें कांहीं होत नाहीं. उलट अस्थिमज्जेंतील एका मूलपेशीपासून रक्ताच्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणारे सूक्ष्म कण हीं सर्व होतात. पण सर्वच मूलपेशींचें सामर्थ्य सारखें नसतें. गर्भाच्या अगदीं आरंभींच्या पेशींपासून शरीरांतील कोणतीहि पेशी होऊं शकते. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेंतील मूलपेशी रक्ताचाच संसार चालविते. हा भेद ज्या लिखाणांत सांगितलेला नसतो, तें पुढें वाचण्याचें आम्हांस तरी प्रयोजन दिसत नाहीं. पोटावरच्या चरबींतून कांहीं पेशी काढून त्या डोळ्यांत, गुडघ्यांत आणि मेंदूंत सारख्याच गुणकारी होतात असें सांगणें, म्हणजे एकाच विरजणानें दहीं, भाकरी आणि लोणचें तिन्ही करून देतों म्हणण्यासारखें आहे.

या वाङ्मयांतील सर्वांत विश्वसनीय प्रकरण रक्ताचें, आणि तें पराभवाच्या वृत्तानें सुरू होतें. ई. डॉनल थॉमस आणि त्यांचे सहकारी यांनीं १९५७ मध्यें एक लेख प्रसिद्ध केला. सहा रोग्यांना दुसऱ्याची अस्थिमज्जा शिरेंतून दिली होती. त्या सहांपैकीं एकहि रोगी शंभर दिवसांपलीकडे जगला नाहीं. हें सर्व त्या लेखांत सरळ भूतकाळांत लिहिलें आहे. पुढें १९६१ मध्यें कॅनडांतील टोरोंटो येथें जेम्स टिल आणि अर्नेस्ट मक्कुलोक यांनीं प्राणघातक किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांना निरोगी उंदरांची अस्थिमज्जा टोंचली. तेव्हां प्लीहेवर, म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतों तिच्यावर, लहान गांठी उठल्या. आणि जितक्या अधिक पेशी टोंचाव्या तितक्या अधिक गांठी, असें प्रमाण दिसलें. रक्ताच्या मूलपेशीचा प्रायोगिक पुरावा ज्यांतून उभा राहिला, त्या या लेखाच्या मथळ्यांत मूलपेशी हा शब्दहि नाहीं. उंदराच्या अस्थिमज्जेवर किरणांचा परिणाम किती होतो याचें मापन, एवढेंच त्या मथळ्याचें म्हणणें. एकेक गांठ एकेका पेशीपासून होते, हें सिद्ध करण्यास त्यांनीं १९६३ पर्यंत वाट पाहिली. मोठा शोध आणि लहान मथळा! आजच्या मथळेबहाद्दरांनीं हा नमुना डोळ्यांपुढें ठेवण्याजोगा आहे.

१९६८ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा येथें रॉबर्ट गुड यांनीं रोगप्रतिकारशक्ति जन्मतःच नसलेल्या एका बालकाला त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा दिली, व तें मूल वांचलें. १९८३ मध्यें मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत अस्थिमज्जारोपण झालें. १९८८ मध्यें पॅरिस येथें एलियान ग्लुकमन यांनीं नवजात बहिणीच्या नाळेंतील रक्त तिच्या आजारी भावाला दिलें, आणि नाळेंतहि रक्ताच्या मूलपेशी असतात हें व्यवहारांत दाखविलें. थॉमस यांना १९९० मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. सहा मृत्यूंच्या वृत्तापासून त्या पारितोषिकापर्यंत तेहतीस वर्षें गेलीं. रक्ताचा कर्करोग, थॅलॅसेमिया, अस्थिमज्जा सुकण्याचे विकार यांत आज मूलपेशींचें रोपण हा मान्य उपचार आहे. त्यांतहि धोका आहे, पण तेथें ‘बरा झाला’ हें क्रियापद हक्कानें वापरतां येतें. या क्रियापदाची किंमत कोणीं व कशी भरली, हें त्या पहिल्या लेखांत कोणालाहि वाचतां येईल.

यानंतरचें प्रकरण आशेचें आहे, आणि येथूनच भाषा सैल होऊं लागते. १९९८ मध्यें विस्कॉन्सिन येथील जेम्स थॉमसन यांनीं मानवी गर्भाच्या आरंभींच्या पेशी प्रयोगशाळेंत जगविल्या व वाढविल्या. या पेशी औषधांच्या शोधाला आणि रोपणाच्या उपचारांना उपयोगी पडाव्यात, असें त्यांनीं लिहिलें. ‘पडाव्यात’ हा विध्यर्थ ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. वर्तमानपत्रांत येईपर्यंत त्याचा भविष्यकाळ झाला, आणि पत्रकांत उतरेपर्यंत वर्तमानकाळ. या उतरणीचें सर्वांत बोलकें चित्र दक्षिण कोरियानें काढलें. तेथील ह्वांग वू-सुक यांनीं मानवी गर्भ कृत्रिम रीतीनें घडवून त्यांतून मूलपेशी मिळविल्याचा दावा २००४ मध्यें केला. तेव्हां सरकारनें २००५ च्या आरंभीं टपालाचें एक तिकीटच छापलें. चाकांच्या खुर्चींत बसलेला मनुष्य उठतो, उडी मारतो आणि कोणाला तरी कवटाळतो, असें त्यावर दाखविलें होतें. जगांत एकहि पंगु मनुष्य या उपायानें उठला नव्हता. पण तिकिटावर तो उठून उड्या मारीत होता. रोग्यांच्या स्वतःच्याच पेशींपासून मूलपेशी तयार केल्याचा दुसरा दावा ह्वांग यांनीं २००५ मध्यें केला. हे दोन्ही दावे खोट्या पुराव्यावर उभे असल्याचें पुढें निष्पन्न झालें, आणि जानेवारी २००६ मध्यें ते लेख नियतकालिकानें रद्द केले. बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी, ही आमची म्हण येथें पुरती पडत नाहीं. कारण भटाच्या तुरी निदान बाजारांत तरी होत्या.

त्याच २००६ सालीं जपानमधील क्योटो येथें शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनीं उंदराच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकें घालून त्यांना जवळजवळ गर्भपेशींच्या अवस्थेला परत नेलें. चोवीस जनुकांतून निवडीत निवडीत ते चारांवर आले होते. दुसऱ्या वर्षीं माणसाच्या पेशींतहि हें साधलें. वाढलेल्या पेशीच्या केंद्रांत संपूर्ण प्राणी घडविण्याची माहिती शाबूत असते, हें १९६२ मध्यें बेडकांवर दाखविणारे जॉन गर्डन आणि यामानाका, या दोघांना २०१२ चें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. या शोधाची थोरवी निर्विवाद आहे. परंतु प्रस्तुत परीक्षणांत त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या शोधाचा रोग्यावर पहिला उपयोग झाला तो कसा सांगितला गेला, ही होय.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकाच्या १६ मार्च २०१७ च्या अंकांत दोन लेख पाठोपाठ छापलेले आहेत. दोहोंचा विषय वार्धक्यांत दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याचा विकार आणि त्यावर पेशींचा उपचार. पहिला लेख जपानमधील कोबे येथील. मासायो ताकाहाशी यांच्या गटानें सप्टेंबर २०१४ मध्यें सत्तरी उलटलेल्या एका स्त्रीच्या त्वचेपासून मूलपेशी, त्यांपासून दृष्टिपटलामागच्या थराच्या पेशी, व त्यांचा एक चिमुकला पापुद्रा तयार करून तो तिच्या एका डोळ्यांत बसविला. वर्षभरानें काय आढळलें? पापुद्रा जागच्या जागीं टिकला. दृष्टि सुधारली नाहीं, बिघडलीहि नाहीं. दुसऱ्या रोग्याच्या पेशींत जनुकीय फेरफार आढळले, म्हणून त्याच्यावर शस्त्रक्रिया केली नाहीं. इतक्या वर्षांचा खटाटोप, जगाचें लक्ष लागलेलें, आणि निष्कर्ष हा!

दुसरा लेख अमेरिकेंतील फ्लॉरिडा येथील तीन स्त्रियांचा. त्यांचीं वयें ७२ पासून ८८ पर्यंत. एका खाजगी चिकित्सालयानें त्यांच्या पोटावरची चरबी काढून, तींतून ‘मूलपेशी’ म्हणून जें कांहीं मिळालें तें, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशीं टोंचलें. प्रत्येकीकडून ५,००० डॉलर घेतले. आपण शास्त्रीय चाचणींत भाग घेत आहों अशी निदान दोघींची समजूत होती; त्यांना दिलेल्या संमतिपत्रांत मात्र चाचणीचा उल्लेख नव्हता. उपचारापूर्वीं त्यांना बऱ्यापैकीं दिसत होतें. नंतर दृष्टिपटलें सुटलीं, रक्तस्राव झाला, आणि वर्षभरानें तपासणी झाली तेव्हां कोणाची दृष्टि अगदीं क्षीण उरली होती, तर कोणाला उजेडाचीहि जाणीव राहिली नव्हती.

हे दोन लेख आम्हांस एकाच ग्रंथाच्या दोन प्रकरणांसारखे वाटतात. पहिल्यांत एक डोळा, दुसऱ्यांत दोन्ही. पहिल्यांत शंका येतांच हात आंखडले, दुसऱ्यांत शंकेला वावच ठेवला नाहीं. पहिल्यानें ‘दृष्टि सुधारली नाहीं’ हें लिहिण्यास कमीपणा मानला नाहीं. दुसऱ्यांतील चिकित्सालयानें ‘सुधारेल’ या अंदाजावर पैसे घेतले. आणि गंमत अशी (जर हिला गंमत म्हणतां येईल तर) कीं, दोन्ही ठिकाणीं वाचकाच्या कानीं पडणारा शब्द तोच, मूलपेशी. शब्द एकच असला म्हणजे वस्तु एक असत नाहीं, हें साहित्याच्या टीकाकारानें नाहीं सांगावयाचें तर कोणीं सांगावयाचें?

डोळ्याच्याच बाबतींत आमच्या देशानें एक उत्तम अध्याय लिहिला आहे, आणि त्याचा उल्लेख न करणें अन्यायाचें होईल. बुबुळाच्या कडेला ज्या मूलपेशी असतात, त्या बुबुळाचा पृष्ठभाग सतत नवा ठेवतात. चुना किंवा आम्ल डोळ्यांत उडून त्या जळाल्या म्हणजे बुबुळ पांढुरकें होऊन दृष्टि जाते. पानाच्या चुन्याची पुडी मुलांच्या हातीं लागून असे अपघात होतात, हें पानाचा डबा ज्या घरांत आहे त्या प्रत्येक घरानें लक्षांत ठेवावें. इटलींतील ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले दे लूका यांनीं १९९७ मध्यें चांगल्या डोळ्याच्या कडेच्या पेशी वाढवून जळलेल्या डोळ्यावर बसविल्या. २०१५ मध्यें युरोपांत या उपचाराला मान्यता मिळाली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेंत वीरेंद्र संगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही पद्धति शेंकडों रोग्यांवर वापरली. शिवाय २०१२ मध्यें त्यांनीं एक सोपी रीत प्रसिद्ध केली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा अगदीं लहान तुकडा घेऊन त्याचे बारीक कण करावयाचे व ते जळलेल्या डोळ्यावर गर्भवेष्टनाच्या पातळ पडद्यावर पेरावयाचे. प्रयोगशाळेंत महागड्या रीतीनें पेशी वाढविण्याची गरज नाहीं. कोणता रोगी योग्य, किती जणांत यश आलें आणि किती जणांत नाहीं, याचे आंकडे मांडलेले आहेत. अशा ठिकाणीं आमच्या लेखकांना ‘बरा झाला’ लिहिण्यास कोणीहि अडविणार नाहीं. दुर्दैव असें कीं ‘चमत्कार’ या शब्दाच्या आहारीं गेलेल्या लेखणीला असें आंकड्यांचें यश मिळमिळीत वाटतें.

सरकारी लिखाण रुक्ष असतें ही आमची सर्वसामान्य समजूत. परंतु या विषयांत भाषेची सर्वांत सुंदर दुरुस्ती एका सरकारी पुस्तिकेनेंच केली आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनीं २००७ मध्यें मार्गदर्शक तत्त्वें काढलीं, तेव्हां त्यांच्या मथळ्यांत मूलपेशींवरील ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन शब्द होते. २०१३ च्या आवृत्तींत त्यांतील ‘उपचार’ हा शब्द मुद्दाम गाळला. जें अजून सिद्ध नाहीं त्याला मथळ्यांत स्थान नको, हें त्यामागचें कारण. २०१७ च्या आवृत्तींतहि तो परत आला नाहीं. रक्ताच्या विकारांसाठीं होणारें मान्य रोपण सोडलें तर बाकीचें सर्व संशोधनाच्या सदरांत पडतें, आणि संशोधनासाठीं रोग्याकडून पैसे घेऊं नयेत, असें तिचें सांगणें आहे. एक शब्द गाळून एवढें मोठें विधान करणारे संपादक आम्हांस वाङ्मयीन मासिकांतहि फारसे भेटलेले नाहींत.

त्याच्या उलट बाजूला नाळेचें वाङ्मय आहे. मराठींत नाळ हा शब्द किती खोल गेला आहे हें सांगणें नलगे. जेथें आपली नाळ पुरली त्या गांवची ओढ मरेपर्यंत सुटत नाहीं, असें आपण मानतों. या भावनेवर जाहिरातींनीं बरोबर बोट ठेवलें. बाळाच्या नाळेंतील रक्त पैसे भरून सांठवून ठेवा, तो त्याच्या आयुष्याचा ‘जैविक विमा’ आहे, असें बाळंतपणाच्या ऐन घाईंत आईबापांना सांगितलें जातें. विमा या शब्दाचा अर्थ असा कीं आपत्ति आली म्हणजे भरपाई मिळते. येथें ती मिळते काय? मुलाला थॅलॅसेमिया असेल तर तोच दोष त्याच्या नाळेंतील पेशींतहि असणार. त्याला रक्ताचा कर्करोग झाला तर त्या रोगाचें बीज जन्मावेळींच त्या रक्तांत असूं शकतें. बहुतेक वेळां अशा मुलाला दुसऱ्याच्या निरोगी पेशी हव्या असतात, स्वतःच्या नव्हेत. घरांत आधींच आजारी भावंड असेल तर गोष्ट निराळी. १९८८ ची पॅरिसची हकीकत तशीच होती. म्हणून सर्वांसाठीं सार्वजनिक सांठा असावा, हें वैद्यकशास्त्राचें म्हणणें. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेंहि २०१८ मध्यें खाजगी सांठवणुकीच्या या जाहिरातींविरुद्ध स्पष्ट मत दिलें. तेव्हां ‘विमा’ हें रूपक येथें नुसतें अतिशयोक्त नाहीं, तें चुकीचें आहे. काव्यांत चुकीच्या रूपकानें रसभंग होतो; येथें ऐन बाळंतपणांत पदरचे पैसे जातात.

सर्वांत अधिक दुःखद वाङ्मय स्वमग्न मुलांच्या आईबापांना उद्देशून लिहिलेलें आहे. मूल बोलत नाहीं, डोळ्याला डोळा देत नाहीं. दहा दारें झिजविलेल्या आईला ‘सुधारणा दिसते’ एवढे दोन शब्द पुरतात. बुडत्याला काडीचा आधार, हें खरें. पण काडी विकत देणाऱ्याला आम्ही तारू म्हणावें काय? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानें डिसेंबर २०२२ मध्यें स्वमग्नतेवर मूलपेशींच्या उपचाराची शिफारस करतां येत नाहीं असें जाहीर केलें. ‘सुधारणा दिसते’ या वाक्याला कर्ता नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. ती कोणाला दिसते? किती मुलांत दिसते? ज्या मुलांना हा उपचार दिला नाहीं त्यांच्याशीं ताडून पाहिली काय? वाढत्या वयाबरोबर आणि शिकवणीनें मूल थोडेंफार पुढें जातेंच. तें श्रेय सुईला देण्यास पुरावा कोणता? कर्ता गाळलेलें वाक्य हें या वाङ्मयाचें मुख्य शस्त्र आहे.

येथें आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. कोणी म्हणेल, तुम्ही खुर्चींत बसून क्रियापदें तपासतां. ज्याच्या घरांत रोग आहे त्याला आशा हवी असते. ती हिरावून घेण्याचा तुम्हांस काय अधिकार? याला आमचें उत्तर असें कीं, आशा हिरावून घेणारे आम्ही नव्हे. खोटी आशा ही खऱ्या आशेची सर्वांत मोठी वैरीण आहे. कारण ती रोग्याचे पैसे, त्याचा काळ, आणि पुढें खरा उपाय निघाल्यावर त्यावर विश्वास ठेवण्याची त्याची शक्ति, ही तिन्ही खाऊन टाकते. ‘पी हळद नि हो गोरी’ म्हणणाराला शेवटीं हळदीचाच तिटकारा येतो.

आणि खरी आशा आहे. ती सांगण्याची रीत मात्र निराळी आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका या देशांत सिकलसेल या रक्तविकारावर एका नव्या उपचाराला मान्यता मिळाली. रोग्याच्याच रक्ताच्या मूलपेशी बाहेर काढून, त्यांतील जनुकांत फेरफार करून, गर्भावस्थेंतील निर्दोष रक्तद्रव्य पुन्हा तयार होऊं लागेल असें करतात व त्या त्याला परत देतात. ज्या ३१ रोग्यांचें मूल्यमापन झालें त्यांपैकीं २९ जणांना सलग बारा महिने तीव्र वेदनांचा झटका आला नाहीं. हा रोग गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दुःख देत आला आहे. म्हणून ही वार्ता आमच्याहि घरची आहे. पण वाक्य येथें संपवूं नये. अमेरिकेंत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठरली, आणि परत दिलेल्या पेशींना जागा करण्यासाठीं रोग्याला आधीं कडक औषधांनीं स्वतःची अस्थिमज्जा रिकामी करून घ्यावी लागते. हीं दोन वाक्यें जोडलीं म्हणजे वार्ता पुरी होते. तीं गाळलीं म्हणजे ती जाहिरात होते.

२०२५ मध्यें पहिल्या प्रकारच्या मधुमेहाविषयीं असेंच एक वृत्त आलें. मूलपेशींपासून तयार केलेल्या, इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी पूर्ण मात्रेंत दिलेल्या १२ रोग्यांपैकीं १० जणांना वर्षाअखेर बाहेरून इन्सुलिन घ्यावें लागत नव्हतें. हीहि गोष्ट ‘झालें’ या क्रियापदाच्या अगदीं उंबरठ्यावरची. परंतु त्याच लेखांत हेंहि आहे कीं या रोग्यांना प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें चालूच ठेवावीं लागतात, आणि चाचणींतील दोन रोगी मरण पावले. त्याच वर्षीं कंपवातावरील दोन लहान चाचण्या, एक क्योटोची आणि एक अमेरिकेची, प्रसिद्ध झाल्या. एकींत ७ रोगी, दुसरींत १२. उपचार सुरक्षित दिसतो व पुढील मोठी चाचणी करण्याजोगा आहे, इतकेंच त्यांचें म्हणणें. ‘कंपवातावर उपाय सांपडला’ हें वाक्य त्यांत नाहीं. आमच्याकडे कोणी तें लिहिलें तर तें त्या शास्त्रज्ञांचें नव्हे, लिहिणाराचें समजावें.

आमच्या मासिकांच्या व वर्तमानपत्रांच्या संपादकांस या निमित्तानें एक विनंति करावीशी वाटते. मूलपेशींवर लेख आला तर त्यांतील क्रियापदांखालीं एकदां तांबडी रेघ ओढून पाहावी. ‘झालें’ असेल तेथें किती रोग्यांत आणि किती काळ, हें विचारावें. ‘होऊं शकेल’ असेल तेथें तें तसेंच राहूं द्यावें, त्याचें ‘होईल’ करूं नये. आणि वाचकांनीं, विशेषतः ज्यांच्या घरांत दुखणें आहे त्यांनीं, पैसे मोजण्यापूर्वीं तीन गोष्टी लेखी मागाव्या. पेशी कोणत्या व कोठल्या. हा मान्य उपचार आहे कीं चाचणी. आणि चाचणी असेल तर तिचे पैसे आमच्याकडून कां? पहिल्या प्रश्नाला जो मोघम उत्तर देईल त्याला दुसरा विचारण्याचें कारण नाहीं.

थॉमस यांच्या त्या सहा रोग्यांना १९५७ मध्यें कोणतेंहि तिकीट छापून मिळालें नाहीं. ते गेले, पण काय झालें तें कोणींतरी खरें लिहून ठेवलें, म्हणून त्यांच्यामागून येणारे असंख्य रोगी वांचले. या शास्त्राची आजवरची सर्व पुण्याई अशा खऱ्या वाक्यांवर उभी आहे, आणि पुढची पुण्याईहि त्यांच्यावरच उभी राहणार. आमच्या भाषेंत तीं तितक्याच काळजीनें लिहिलीं जावींत, एवढेंच आमचें मागणें आहे.